नळाचा दाखला

ऐंशीच्या दशकात अंधेरीच्या आमच्या चाळीत आठ बिऱ्हाडांना एकच नळ होता. प्रत्येकाची वेळ ठरलेली. पण ज्यांना पाणी नको असेल ते गॅलरीतून ओरडायचे, "आमचं झालं गं, घ्या कोणीतरी!" मग लगेच दुसऱ्याचा हंडा नळाखाली लागायचा.

विमानतळावरच्या विमान नियंत्रकाच्या नोकरीसाठी झालेल्या मुलाखतीत मी हेच सांगितलं. घरातला मी पहिला पदवीधर. ही नोकरी लागली असती तर बाबांची हमाली सुटली असती. माझं इंग्रजी अडखळलं तेव्हा एका साहेबांनी मराठीत विचारलं, "सैन्यासाठी राखलेल्या आकाशाला प्रवासी विमानं वळसा घालतात. तुमचं मत काय?"

"सर, सैन्याचा सराव नसेल तेव्हा त्यांनी फोन करून कळवावं. आमच्या नळावर असंच..."

"म्हणजे हवाई दलानं गॅलरीत येऊन ओरडायचं का हो?" दुसरे साहेब म्हणाले आणि सगळे हसले.

फक्त कोपऱ्यातले वयस्कर साहेब हसले नाहीत. "ते आकाश रिकामं कधी असतं, हे आम्हालाच कोणी सांगत नाही," ते हळूच म्हणाले. "आम्ही विचारणं सोडून दिलंय."

महिन्याभरानं नकाराचं पत्र आलं.

"काय चुकलं रे?" बाबांनी विचारलं. माझं उत्तर चुकलं होतं असं मला आजही वाटत नाही, पण त्याचा उपयोग काय? बाबांनी डोक्याला फडकं गुंडाळलं आणि ते कामावर गेले.