न विचारलेली साक्ष

“सगळे साक्षीदार विचारून झाले का?” फळ्यावरची सिद्धता कोणी घाईने संपवली की सर डस्टर पाठीमागे धरून एवढंच विचारत.

अंबरनाथच्या आमच्या कॉलेजात ते एम.एस्सी.ला समाकलनीय फंक्शन्सचा पेपर शिकवायचे. मी त्यांच्या हाताखालचा प्राध्यापक. साक्षीदार म्हणजे त्यांच्या भाषेत संतत रेषीय फंक्शनल. फंक्शन आत घाला, बाहेर एक संख्या येते. फंक्शन जरासं हललं तर संख्याही जराशीच हलते. सर फळ्यावर एक चौकोनी उंचवटा काढत, पुसत, एक घर उजवीकडे सरकवून पुन्हा काढत. म्हणत, “कुठेही उभे राहा, शेवटी शून्यच दिसेल. पण क्षेत्रफळ या साक्षीदाराला विचारा. तो म्हणेल, होतं तेवढंच आहे. म्हणजे हा संपला नाही, सरकला.”

मुलं हसायची. तुम्हीही हसला असतात. मला हसू येत नसे, कारण सरांचा धाकटा भाऊ बदलापूर गावातल्या घरातून अनवाणी निघाला होता, तो परतलाच नव्हता.

शिवमंदिराजवळचा चहावाला म्हणाला, “आत्ताच बसला होता सर, अभी गया.” सरांनी पाहिलं तर बाकडं रिकामं. मग तो सिंधी वसाहतीतल्या कॅम्प दोनमध्ये शिलाई मशीनच्या दुकानाबाहेर दिसल्याचं कुणी सांगितलं. तिथे मी सरांसोबत होतो. तो नव्हता; पायरीवर हात टेकला तर ती ऊबदार लागली आणि मी हात झटकन उचलला. सर मात्र वहीत पुढची जागा लिहीत होते.

अशी सात वर्षं उलटली. भावाच्या बायकोला, वहिनींना, कोर्टाकडून तो मृत जाहीर करून हवा होता. वकिलाला सरांचं प्रतिज्ञापत्र हवं होतं आणि सर सही करेनात. हजार ठिकाणी शून्य आलं म्हणून माणूस शून्य होत नाही, म्हणायचे. त्यांचं गणित बिनचूक होतं आणि मला त्यांचा भयंकर राग यायचा.

शेवटी वहिनींनी माझ्यादेखत विचारलं, “भाऊजी, एवढ्या लोकांना विचारलंत. मला कधी विचारलंत?”

सरांनी वही मिटली.

“ते रोज दुपारी येतात. खुर्चीत बसतात. एक केस पिकलेला नाही. जिवंत माणूस असा येत नाही, भाऊजी. सोडा आता त्यांना.”

सरांनी सही केली. पेनाचं टोपण त्यांना लावता येईना, ते मी लावलं.

वर्षभरात सर गेले. त्यांच्यावर माझा किती जीव होता, हे मला तेव्हा कळलं. परवा गावात वहिनी भेटल्या. राहवलं नाही म्हणून विचारलं, तो अजून येतो का?

“नाही. सही झाल्यापासून नाही.” त्यांनी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “आता भाऊजी येतात. बसत नाहीत. सगळ्या खोल्या बघतात आणि जातात.”