न काढलेली तिसरी फिल्म

मिरजेच्या दवाखान्यात मी लागलो तो एक्स-रेचं सर्टिफिकेट घेऊन, पांढरा कोट घालून. हरिबा माझ्या आधी दोन वर्षं लागला होता तो हातात झाडू घेऊन. बहात्तरच्या दुष्काळात कवठे महांकाळकडची त्याची मेंढरं संपली आणि चौथी शिकलेला हा धनगर फरशा पुसता पुसता डार्करूममध्ये शिरला. मी काढलेल्या फिल्म लाल दिव्याखाली धुवायच्या आणि वाळत घालायच्या, एवढंच त्याचं काम. औषधाच्या पाण्यानं त्याची बोटं पिवळी पडली होती. तेवढ्यावर तो थांबला असता तर माझं त्याच्याशी काही वाकडं नव्हतं.

पण मोठे डॉक्टर फिल्म उजेडाच्या पेटीवर लावायचे आणि माझ्या खांद्यावरून मागं बघत विचारायचे, "काय हरिबा, काय वाटतं?"

मला नाही, हरिबाला. माझ्या पोटात दुखायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही. जेवताना डब्यातली भाकरी गोड लागायची नाही.

त्यातून मोठ्या आतड्याची तपासणी असली की बघायलाच नको. पेशंटला आदल्या दिवशी एरंडेल पाजून उपाशी ठेवायचं, सकाळी खालून नळीनं बेरियमचं पांढरं पाणी भरायचं आणि फोटो काढायचे. फिल्मवर आतडं पांढरं उमटतं. एका बाजूनं वर चढतं, बरगड्यांखालून आडवं जातं, दुसऱ्या बाजूनं उतरतं. त्या पांढऱ्यात कुठं काळी खाच दिसली की ती गाठ असते, नाहीतर नुसता राहिलेला मळ. म्हणून पेशंट मोकळा होऊन आला की तिसरी फिल्म काढायची. मळ जागचा हलतो, गाठ हलत नाही.

हे मी रात्र रात्र जागून पाठ केलेलं. हरिबाला ते हातानं ठाऊक होतं. जत्रेत कापलेल्या बकऱ्यांची आतडी त्यानं पोरवयापासून उलटी करून धुतली होती. "आतलं बोटानं सरकतं, अंगाचं सरकत न्हाई," एवढंच तो म्हणायचा, आणि डॉक्टर मान डोलवायचे. मी वर्गात पहिला आलो होतो, ते कुणी विचारलंच नाही.

एकोणऐंशी साली माझ्या थोरल्या भावाला, लालासाहेबदादाला, शौचातून रक्त पडायला लागलं. दादा पलटणीतून हवालदार होऊन परतला होता आणि वाळव्याकडं ऊस करत होता. वडील गेल्यावर मला शिकवलं ते त्यानंच. डॉक्टरांनी तपासलं. मूळव्याध तर आहेच, म्हणाले, पण आत आणखी काही नाही ना, तेही बघून घेऊ.

दादाची फिल्म हरिबानं वाचायची नाही, असं मी त्याच रात्री ठरवलं. सकाळी त्याला पार्सल आणायला स्टेशनवर पिटाळलं. दोन फिल्म काढल्या आणि स्वतः धुतल्या. डाव्या अंगाला, खाली, काळी खाच दिसत होती. दादा शौचाला गेला होता, तिसरी फिल्म राहिली होती. तेवढ्यात खिडकीतून हरिबा फाटकातून येताना दिसला, खांद्यावर खोकं घेऊन. आता तिसरी काढली तर धुणार तो, आणि काय आहे ते सांगणारही तोच. मी दादाला तसाच वॉर्डात पाठवला.

डॉक्टरांनी तिसरी मागितली. "ओली आहे," मी म्हणालो. त्यांनी दोन्ही फिल्म परत पाहिल्या, खाच दोन्हीत एकाच जागी होती, आणि गुरुवारचं ऑपरेशन ठरवलं. वीतभर आतडं जाईल, कदाचित शौचासाठी पोटावर कायमची पिशवी लावावी लागेल, असं त्यांनी दादाला समजावून सांगितलं. दादा लढाईवर जाऊन आलेला माणूस, पण मला म्हणाला, "ती पिशवी घिऊन मी चावडीवर कसा बसू रं?"

बुधवारी दुपारी हरिबा फिल्म पाकिटात भरत होता. "तिसरी कुटं हाय?" त्यानं विचारलं. मी रजिस्टर उघडून बसलो. तो उठून वॉर्डात गेला आणि दादाकडून सगळं काढून घेऊन अर्ध्या तासानं परत आला. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी, एरंडेल पिऊन झाल्यावर, विजयमालावहिनी गावच्या भैरोबाच्या घुगऱ्या घेऊन आली होती. दादानं दोन मुठी खाल्ल्या होत्या. काही खाल्लं का, असं नर्सनं विचारल्यावर तो नाही म्हणाला, आणि खोटं बोलला नाही. देवाचा प्रसाद खाण्यात कोण धरतं? आमच्या गावात तरी कुणी धरत नाही, मीसुद्धा धरला नसता.

"हरभऱ्याची टरफलं असतील," हरिबा म्हणाला. "डॉक्टरास्नी सांगा."

तिसरी मी काढलीच नाही, आणि ओली आहे म्हणून थाप मारली आहे, हे मला त्याला सांगावं लागलं. तो हसेल असं वाटलं होतं. त्याच्या जागी मी असतो तर हसलो असतो.

डॉक्टर आले. मी बोलणारच होतो, असं मी आजवर स्वतःला सांगत आलोय. हरिबा आधी बोलला. "सायेब, लालासायबांची तिसरी फिल्म माज्या हातनं गेली. धुताना दार उगडं ऱ्हायलं, उजेड शिरला. त्यात आदल्या सांजला त्यांनी घुगऱ्या खाल्ल्यात. परत काढाय पायजे."

आवाज न चढवणारे डॉक्टर त्या दिवशी त्याला वाट्टेल ते बोलले. तुझ्या हलगर्जीपणानं एक माणूस फुकट कापला गेला असता, म्हणाले. हरिबा आपल्या पिवळ्या बोटांकडं बघत ऐकत राहिला. मी पांढऱ्या कोटात बाजूला उभा होतो.

दादाला दोन दिवस नुसत्या पाण्यावर ठेवून पुन्हा फिल्म काढल्या, या वेळी तिन्ही. आतडं शेवटपर्यंत पांढरं स्वच्छ उमटलं. मूळव्याधीचं औषध घेऊन दादा गावाकडं गेला, आणि माझ्या भावानं परत फोटो काढून मला वाचवलं, असं चावडीवर अजून सांगतो.

डॉक्टरांनी हरिबाला त्यानंतर कधी विचारलं नाही. फिल्म पेटीवर लावली की ते माझ्याकडं वळायचे. "काय बाळासो, काय वाटतं?" इतकी वर्षं जे हवं होतं ते मिळालं होतं. पूर्वी मला त्याच्या अकलेचा हेवा वाटायचा, आता त्याच्या मनाचा वाटायला लागला, आणि हा जास्त जाळतो. शेजारच्या डार्करूममध्ये तो फिल्म धूत असायचा. डॉक्टरांनी मला विचारलं की आतला पाण्याचा आवाज थांबायचा. मी बरोबर सांगितलं की पुन्हा सुरू व्हायचा.