यज्ञेश्वररावांची मागची खिडकी

...तर तिसरी काचही यज्ञेश्वररावांनी परत पाठवली, इथवर काल आलो होतो. मध्येच चहा आला आणि गोष्ट राहिली. काल जे नव्हते त्यांच्यासाठी मागचं दोन वाक्यांत सांगतो. दोनाची वीस झाली तर माझी जुनी खोड म्हणून सोडून द्या.

यज्ञेश्वरराव म्हणजे शनिवार पेठेतले आमचे शेजारी. एका कारखान्यात बत्तीस वर्षं माल तपासायला होते. समोर आलेल्या नगाची मापं घ्यायची, चांगला असेल तर कागदावर सही करायची, नसेल तर नगावर तांबड्या खडूनं फुली. खोट्या मालावर सही करणाऱ्याला तिथं त्याच दिवशी घरी पाठवत. निवृत्त झाले तरी खडू खिशातच. कुकरच्या झाकणावर फुली, दूधवाल्याच्या मापावर फुली. माझ्या नव्या चपलेवर त्यांनी फुली मारली तेव्हा मला राग आला होता. चप्पल आठव्या दिवशी तुटली.

वासंतीवहिनी मूळच्या दारव्ह्याच्या. अडुसष्ट वर्षांच्या झाल्या, पण समुद्र पाहिलेला नव्हता. पुण्याहून समुद्र चार-पाच तासांवर, म्हणूनच राहून गेला. लांब असता तर केव्हाच जाऊन आल्या असत्या. मग दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, तेव्हा काय दाखवायचंय ते लवकर दाखवा, म्हणाले.

दुसरा कोणी असता तर त्याच रविवारी बाईला एसटीत बसवून घेऊन गेला असता. यज्ञेश्वररावांनी शाळेची जुनी मिनीबस घेतली. वहिनींची कंबर धरते, फार वेळ बसवत नाही, म्हणून गाडीतच घर करायचं ठरवलं: ओटा, मोरी, पलंग, आणि पलंगाला लागून मागच्या बाजूला एक रुंद खिडकी. पडल्यापडल्या समुद्र दिसावा. गाडीच्या पाठीवर पाटी लावली, ‘हे घर आहे. हॉर्न वाजवू नये, दार वाजवावे.’

घर सहा महिन्यांत झालं. अडलं ते काचेवर. पहिल्या काचेतून समोरच्या इमारतीची कड किंचित वाकडी दिसायची. फुली. दुसरीत मोहरीएवढा बुडबुडा. फुली. तिसरीचं कालच सांगितलं. दर वेळी नवी काच यायला दोन-तीन महिने लागत. मी एकदा न राहवून म्हटलं, अहो, बिनकाचेचाही समुद्र दिसतो. तर त्यांनी विचारलं, "बापूराव, आपली शाळा कुठली?" मी आमच्या पुरंदरातल्या गावाचं नाव सांगितलं. "मग बरोबर," म्हणाले.

तिकडं काचेत अकरा महिने गेले.

चौथी काच पास झाली. तरी निघाले नाहीत. माल बाहेर पाठवण्याआधी चाचणी घ्यायची, ही कारखान्याची रीत. म्हणून आठ दिवस पुण्यातच फिरले. ज्या शनिवारवाड्यासमोरून वहिनींनी चाळीस वर्षं भाजी आणली, तो त्यांनी पहिल्यांदा तिकीट काढून पाहिला. पर्वती चढल्या, नवऱ्याचा दंड धरून, पायऱ्या मोजत. खडकवासल्याला मलाही नेलं. धरणाच्या कडेला गाडी लावली, यज्ञेश्वररावांनी पडदा सारला आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू पाणी त्यांनीच भरलंय. वहिनी म्हणाल्या, धरण छान भरलंय की. मग त्यांनीच चहा केला. ओतताना एका बोटाचं टोक कपाच्या आत धरलं होतं. बोटाला चहा लागला तशी त्यांनी किटली उचलली. मी ते पाहिलं. माझी म्हातारी आई शेवटी शेवटी असाच चहा ओतायची आणि तिला का तसं करावं लागायचं ते मला ठाऊक होतं. पण नवराबायको इतक्या आनंदात होती, मी काय बोलणार? चहा प्यालो आणि म्हटलं, फक्कड झालाय. एरवी माझं तोंड बंद करायला घरचे थकतात. त्या दिवशी मात्र नको तेव्हा बंद राहिलं.

आता तुम्ही म्हणाल, ज्या माणसाला केसाएवढी चीर दिसायची त्याला हे कसं दिसलं नाही? घरात वहिनींच्या हातापायांना सगळं पाठ होतं, कुठला डबा कुठं, कुठली पायरी उंच. बाहेर नवऱ्याचा दंड. डोळे तपासायला त्या भाचीबरोबर, निकिताबरोबर जात, कारण यज्ञेश्वरराव काचवाल्याकडं असत. परत आल्यावर सांगत, आहे तसंच आहे. निकिताला त्यांनी शपथ घातली होती, गाडी होईस्तोवर काकांना बोलायचं नाही म्हणून.

मार्गशीर्षात निघाले. ताम्हिणी उतरून संध्याकाळच्या आत दिवेआगरला पोचले. वाऱ्यानं शेगडी विझायला लागली, म्हणून यज्ञेश्वररावांनी गाडीची पाठ एका नारळाच्या वाडीच्या गडग्याला लावली. गडगा म्हणजे चिऱ्यांची भिंत, पुरुषभर उंच, खिडकीपासून दोन हातांवर. चहा झाला की गाडी वळवायची आणि मग पडदा सारायचा, असा त्यांचा बेत. ते दूध आणायला समोर गेले. परत आले तर वहिनींनीच पडदा सारला होता, पलंगावर नीट बसल्या होत्या, पदर सावरून, फोटोला बसतात तशा. लाटांचा आवाज येत होता. पावलं ऐकली तशा चिऱ्यांच्या भिंतीकडं बघत म्हणाल्या, "किती हो मोठा. आणि निळा किती."

यज्ञेश्वररावांनी दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली. मग म्हणाले, हो, आज पाणी शांत आहे.

पुढं बारा दिवस ती दोघं किनाऱ्यानं थेट वेंगुर्ल्यापर्यंत गेली. रोज वहिनी समुद्र पाहत आणि रोज यज्ञेश्वरराव, बरोबर आहे, म्हणत. परत आल्यावर यज्ञेश्वरराव निकिताला घेऊन डॉक्टरांकडं गेले, तेव्हा कळलं की दुसऱ्या काचेच्या सुमारासच बहुतेक सगळं संपलं होतं. वहिनींना त्यांनी अजून विचारलेलं नाही. वहिनींनीही सांगितलेलं नाही. शेजारीपाजारी आले की त्या समुद्राचं वर्णन करतात, आणि मी सांगतो, मी केलं असतं त्यापेक्षा चांगलं करतात.

हे सगळं त्यांनी मला परवा ओंकारेश्वराच्या घाटावर सांगितलं, खिशातला खडू बोटांनी फिरवत. मी एवढंच विचारलं, मग त्या दिवशी गाडी वळवलीत का?

ते म्हणाले, "वळवली. डिझेल भरून येतो म्हणून एक फेरी मारली आणि खिडकी समुद्राकडं करून लावली. तिला म्हटलं, काच पुसलीय, आता आणखी स्वच्छ दिसेल. ती म्हणाली, दिसतंय. बत्तीस वर्षांत खोट्या मालावर एक सही केली नाही, बापूराव. आता रोज करतो."