मोठ्या बाईंनी नेलेली बाकं

मोठ्या बाई शाळेत रुजू झाल्या तेव्हा मुलींना शिवण, चित्रकला आणि जुजबी हिशेब शिकवले की झालं, असा सगळ्यांचा समज होता. प्राचीन भाषा शिकावी ती मुलांनी. बाईंनी मात्र नेमकी तीच भाषा घेऊन पदवी मिळवली होती, आणि शहरात मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलेल्या त्या पहिल्याच बाई. पहिल्या आठवड्यात त्यांनी शिवणाचा एक तास कापून तिथे व्याकरण बसवलं.

संस्थेच्या अध्यक्षांनी विचारलं, पोरींना याचा उपयोग काय? मुलांना होतो तोच, असं बाईंनी शांतपणे सांगितलं.

धातूंची रूपं म्हणून घेताना कुणी चुकलं तर त्या रागवत नसत, नुसत्या थांबत. त्या थांबण्याची मुलींना छडीपेक्षा जास्त धास्ती वाटे. अशाने पाच मुली त्या भाषेच्या परीक्षेला तयार झाल्या.

परीक्षेचं केंद्र होतं मुलांच्या शाळेत आणि तिथले मुख्याध्यापक म्हणजे बाईंचे सख्खे थोरले भाऊ. त्यांनी मुलींना नाही म्हटलं नाही. जेवताना फक्त म्हणाले, अगं, हॉलमध्ये बाकंच पुरत नाहीत, यंदा राहू दे. ही पळवाट आहे हे बाईंना कळलं. त्यांनी आमटी वाढून घेतली आणि विषय बदलला.

परीक्षेच्या सकाळी मुलांच्या शाळेच्या फाटकात एक हातगाडी येऊन थांबली. गाडीवर तीन बाकं, मागे पाच मुली आणि पुढे मोठ्या बाई. शिपायाने धावत जाऊन साहेबांना बोलावलं.

"दादा, बाकं आम्ही आणलीत," बाई म्हणाल्या. "कुठे मांडायची तेवढं सांगा."

व्हरांड्यातली मुलं टकामका बघत होती. दादांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"खिडकीपाशी मांडा," ते म्हणाले. "तिथे उजेड बरा आहे."

चौघी पास झाल्या, एक नापास. तिला बाईंनी वर्षभर रोज संध्याकाळी स्वतःच्या घरी शिकवलं. पुढच्या खेपेला ती वरच्या श्रेणीत आली.

त्याच वर्षी दादा आपल्या धाकट्या लेकीला शाळेत घालायला बाईंच्या कचेरीत घेऊन आले. बाईंनी भाचीला खडूने फळ्यावर दहा रूपं लिहायला लावली. तीनच बरोबर आली.

"एक इयत्ता खाली बसेल," बाई म्हणाल्या.

"घरचीच पोर आहे गं."

"म्हणूनच पाया कच्चा ठेवायचा नाही."

दादा हसले आणि लेकीचं दप्तर तिच्या हातात देऊन निघाले.