गाडी तापवायला

आमच्या भाऊजींचा हात आधी चालायचा, डोकं मागाहून पोहोचायचं. कामात खोट काढणाऱ्या एका गिऱ्हाइकाचं नाक त्यांनी त्याच्याच बॉनेटवर फोडलं होतं आणि रक्त पुसून बॉनेटला पॉलिशही करून दिलं होतं. गॅरेजच्या भिंतीला फेकलेल्या पान्यांचे खड्डे आहेत. मी त्यांवर कॅलेंडर लावते, ते शेजारी नवीन पाडतात. त्यांची बायको, म्हणजे माझी ताई, गेल्यापासून गॅरेजचं काउंटर मीच सांभाळते. ताईशी मात्र त्यांची भारी अदब. गाडी थांबली की वळसा घालून जायचे आणि तिच्या बाजूचं दार स्वतः उघडायचे. गल्लीतल्या बायका जळायच्या. मीही जळायचे, खोटं कशाला बोलू.

परवा त्यांची लेक नवऱ्याची टॅक्सी घेऊन आली. त्या दिवशी धुराची तपासणी पास झाली नाही तर परवाना जाणार होता, आणि सगळं खापर तिच्यावर फुटणार होतं. हे तिने मान खाली घालूनच सांगितलं. सायलेन्सर काळा धूर ओकत होता. भाऊजींनी काजळीने माखलेले प्लग काढले, जावयाच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि नवे बसवले. ऑइल बदललं, एअर फिल्टर बदलला, सायलेन्सरचं भोक वेल्ड केलं. मग डॅशबोर्डखालची एक वायर बघायला ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसले आणि दाराकडे बघून थबकले. आतलं हँडल नव्हतं. तुटलं असेल, मी म्हटलं.

"तुटलं नाही," भाऊजी म्हणाले. "काढलंय."

तेव्हा कुठे त्यांचं लेकीकडे लक्ष गेलं. एवढ्या उकाड्यात तिने मनगटापर्यंत बाह्या घातल्या होत्या. त्यांनी एक बाही वर सरकवली. दंडावर बोटांचे निळे वळ होते.

इतक्यात जावईबापू आले, झालं का म्हणून रुबाबात विचारत. भाऊजी नको तितकं गोड हसले. म्हणाले, थंड गाडी मशीनवर नापास होते, इंजिन चांगलं तापलेलं लागतं, चला, तापवून आणू. आणि वळसा घालून त्यांनी जावयाला दार उघडून दिलं.

गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत गाडी खालच्या गिअरमध्ये किंचाळत गोल फिरू लागली. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्यात जावई. डोकं काचेवर आपटल्याचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. काचेचं बटण ड्रायव्हरच्या ताब्यात, आणि हँडल असायला हवं तिथे जावई नुसता नखांनी खरवडत होता. काच लाल झाली. मला बरं वाटलं. अजून हाणा, असंच मनात आलं. मग लेकीकडे पाहिलं. दोन्ही हात डोक्यावर घेऊन ती भिंतीला चिकटली होती, मार तिलाच पडत असल्यासारखी.

जावयाला तिथेच मातीत फेकून भाऊजी गाडी घेऊन तडक समोरच्या तपासणी केंद्रात गेले. परत आले तेव्हा मुठी फुटलेल्या होत्या आणि हातात पावती होती. गाडी पास झाली, म्हणाले. तो आता तुझ्या वाटेला जायचा नाही. तू इथे राहा, माझ्याजवळ.

लेकीने पावतीकडे पाहिलंच नाही.

"बाबा, हँडल काढलंय हे तुम्हाला बघताक्षणी कसं कळलं?"

भाऊजी फुटलेल्या मुठी फडक्याने पुसू लागले. मला ताई आठवली. गाडी थांबली की हात मांडीवर ठेवून बसून राहायची, ते येऊन दार उघडेपर्यंत. इतक्या वर्षांत तिला स्वतःहून उतरताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

लेक पर्स उचलून चालू लागली. भाऊजींनी पाना उचलला. मी काउंटरची किल्ली टेबलावर ठेवली आणि तिच्या मागोमाग निघाले. पाना भिंतीवर आपटला, कॅलेंडर खाली पडलं. ते उचलायला मी थांबले नाही.