मूळचा ळ

टकटक सरांच्या हातात टाइप केलेला कागद दिला की त्यात काय लिहिलंय हे त्यांना सगळ्यांत शेवटी कळायचं. त्यांच्या स्वतःच्या बदलीचा हुकूम आला, तेव्हाही हेच. शिक्षकांच्या खोलीत सगळे त्यांच्याकडं बघत होते. सरांनी कागद खिडकीशी नेला, चष्मा कपाळावर चढवला आणि मला हाक मारली. "मास्तर, हे ‘कळविण्यात येते’ बघा. ळ कसा खाली घसरून राह्यलाय! हिंदी मशीन हाय हे. ळ मागून डकवलाय." बदली कुठं झाली, ते मग मीच वाचून सांगितलं. पुढं ती रद्द झाली, पण सरांनी तो कागद त्या ळसाठी जपून ठेवला.

सर भूगोल शिकवायचे, मी मराठी. जुने टाइपरायटर गोळा करायचे आणि ते ओळखायचे, हा त्यांचा नाद. हिंदीला ळ फारसा लागत नाही, त्यामुळं हिंदी मशीनवर तो नसायचा. मग मिस्त्री लोक एखादं बिनकामाचं अक्षर काढून तिथं ळ डकवायचे आणि मशीन मराठी म्हणून खपवायचे. मुळातच मराठीसाठी घडवलेलं जुनं मशीन हाती लागणं दुर्मिळ. सर दुसरं काही बघायच्या आधी ळची दांडी वर उचलून तिला झाळकामाचा डाग दिलाय का ते बघत. जालन्यात मस्तगडातल्या त्यांच्या दोन खोल्यांत पलंगाखाली, कोठीवर, देवघराच्या शेजारी मशीनच मशीन. सुमनवहिनी म्हणायच्या, "पाव्हण्यांना बसायला जागा न्हाई, आन् ह्या लोखंडाला रोज फडकं मारायचं!" सर हसत. दिवसभर टकटक चालूच, म्हणून शाळेत ते टकटक सर.

नादापायी ते कुठंही जात आणि मलाही ओढत. सत्त्याऐंशीच्या सुमारास असेच आम्ही एसटीनं आष्टीला गेलो. परतूरच्या कचेरीबाहेर बसून अर्ज टाइप करून देणारे नागोराव वारले होते, त्यांचं मशीन घरात पडून आहे असं सरांना कळलं होतं. त्यांची बायको रखमाबाई. तिनं आम्हाला चहा दिला आणि पोत्याखालचं मशीन दाखवलं. म्हणाली, "मालक म्हणायचे, अस्सल मराठी मशीन हाय. माझ्या पाटल्या मोडून आणल्तं."

सर वाकले. ळची दांडी उचलून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "न्हाई ताई. हिंदीच हाय. ळ मागून बसवलाय."

रखमाबाईनं पदर सावरला. नवऱ्याच्या फोटोकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "घेऊन जावा मंग. घरात नको." सरांनी दिलेली किंमत तिनं मोजलीसुद्धा नाही.

एरवी नवीन मशीन आलं की सर आम्हाला जेवायला बोलवायचे. हे मशीन मात्र त्यांनी चादरीत गुंडाळून कपाटात ठेवलं. "आष्टीचं दाखवा की सर," म्हटलं की ते पावसापाण्याचं बोलायला लागत. मला वाटलं, साधं निघालं म्हणून नाराज असतील.

बरीच वर्षं गेली. टायपिंगच्या क्लासांच्या पाट्या उतरून कॉम्प्युटरच्या चढल्या होत्या. आमच्या शाळेत आष्टीचा एक तरुण शिक्षक रुजू झाला. सरांचं वेड ऐकून तो हसत म्हणाला, "आमच्या रखमामावशीकडं बी होतं तसलं एक. बोगस निघालं. जालन्याचे कोणी सर बघून गेल्ते. काकांनी पाटल्या मोडून आपल्याला फसवलं, हे तिच्या मनातून जातच न्हाई. तवापासून ती त्यांचं नावबी घेत न्हाई."

सरांनी कप खाली ठेवला. दुपारचे तास त्यांनी घेतले नाहीत.

संध्याकाळी मला घरी बोलावून त्यांनी कपाट उघडलं. "मास्तर, डाग न्हाई. मूळचाच ळ हाय. मला तिथंच दिसला होता. खरं सांगितलं तर बाई देणार न्हाई, म्हणून तसं बोललो. एका मशीनसाठी मेलेल्या माणसाला खोटं पाडलं मी."

मला ते ऐकवेना. मी आपलं काहीतरी बोललो, "सोडा सर. माणूस गेला. आता सांगून काय फायदा?"

"त्याला सोताला सांगता येत न्हाई, म्हणूनच सांगावं लागंल."

पण हे सोपं नव्हतं. तो अख्खा उन्हाळा सर मशीन घेऊन स्टँडपर्यंत जात आणि परत येत. कधी उन्हाचं निमित्त, कधी गर्दीचं. ज्या माणसानं नादापायी कधी ऊन बघितलं नाही, तो असा घाबरलेला बघून मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची. शेवटी मीच दोन तिकिटं काढली.

रखमाबाई थकली होती, पण सरांना तिनं ओळखलं. सरांनी ओट्यावर मशीन ठेवलं आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. "ताई, तुमच्या मालकांचं बोलणं बिलकुल खरं होतं. खोटं मी बोललो."

ती मशीनवरून हात फिरवत राहिली.

"मंग ते खरं बोलल्ते?"

"हो."

"मी त्यांच्या फोटोला हार घालायचा बंद केल्ता, गुरुजी. पितरांचं पान वाढताना बी मन घट्ट करून राह्यले मी."

सरांनी हात जोडले. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. ती एवढंच म्हणाली, "तुमी सांगून मोकळे झालात. मी कुनाला सांगू?"

सर मोकळे झाले नव्हते. त्यानंतर त्यांनी एकही मशीन आणलं नाही. होती ती एकेक करून, ज्यांच्याकडून आणली त्यांच्या घरी पोचवली. कुणी ओळखायला म्हणून मशीन आणलंच, तर हात मागं घेत. वहिनींच्या दोन खोल्या मोकळ्या झाल्या आणि त्या शांततेनं वहिनीच कासावीस झाल्या.

सर जाऊनही आता वर्षं लोटली. माझ्याकडं कुणी वडिलांची पोथी घेऊन येतं, कुणी आजोबांचं घड्याळ, आणि विचारतं, "खरंच जुनं आहे का हो हे?" मला त्यातलं थोडंफार कळतं. पण उत्तर देण्याआधी मी विचारतो, ते जुनं आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं?