ताण मोडलेलं झाड

कल्पना करा, विहिरीला भरपूर पाणी आहे, मोटार धडधाकट आहे, आणि तुमची संत्र्याची झाडं तहानेनं पानं मुडपून उभी आहेत. तरी पाणी द्यायचं नाही. एक-दोन दिवस नव्हे, चांगला सव्वा महिना. डिसेंबरात असं तहानलेलं ठेवलं की झाड वाढ थांबवतं, आणि जानेवारीअखेर पाणी सोडलं की फुलांनी लदबदतं. याला ताण देणं म्हणतात. सांगायला सोपं आहे, करून बघा.

नरखेडकडच्या देवरावांनी हे पंधरा हिवाळे केलं होतं. पावसाळाभर आळी, निंदण, फवारणी. ताण लागला की फावडं भिंतीला टेकवून ते विहाराकडे वळत. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेले, म्हणून हिवाळ्यात रविवारची वंदना तेच घ्यायचे.

"मनाले तहान लागते, लागू द्या," ते सांगत. "लगेच बादली घेऊन धावू नका." लोक माना डोलावत.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात ते विहिरीजवळच्या झाडाखाली ध्यानाला बसू लागले. बागेतलं पहिलं कलम ते, त्यांच्या हातचं. डोळे मिटावेत तर पिवळं पान मांडीवर पडायचं. आठव्या दिवशी त्यांनी बादली उचलली. मग रोजच दोन-दोन बादल्या.

फेब्रुवारीत बाग पांढरी झाली. शेजारचा बागवाला शालिकराम वंदना आटोपून चारचौघांसह फुलं पाहायला आला. विहिरीजवळचं झाड मात्र नुसतं हिरवंगार. कळी एक नाही.

"याले पाणी कोनं पाजलं गा?" शालिकराम हसला. "बादली घेऊन कोन धावलं?"

देवरावांच्या तोंडून निघून गेलं, "कौसल्येनं भांडी घासली असतीन इथं."

कौसल्याबाई चहा घेऊन मागेच उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हो, म्याच सांडलं. ध्यानात नाही राहिलं."

"काय वं वहिनी! इतके वर्सं बागेत राबून राहिल्या, अन् ताण समजत नाही?"

सगळे हसले. देवरावही हसले. इतरांचं नाही, पण आपलं ते हसणं त्यांना आठवडाभर टोचत राहिलं. रोज सकाळी ते हिरवं झाड दिसायचं, आणि ते दुसऱ्या वाटेनं बागेत शिरायचे.

पुढच्या रविवारी पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या, ते अडले. समोर बायांच्या रांगेत कौसल्याबाईंचेही ओठ मिटलेले होते.

"त्या झाडाले पाणी म्या पाजलं," देवराव खाली पाहत म्हणाले. "कौसल्येनं नाही. तिच्यावर म्या ढकललं."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर त्यांनी कौसल्याबाईंना एकच विचारलं. बाई म्हणाल्या, "हात धुवा, भाकर थंडी होऊन राहिली."

याला सात वर्षं झाली. त्या झाडाला नंतर पुष्कळ फुलं आली. पण दर डिसेंबरात मोटार बंद झाली, बाग गप्प झाली, की चुलीपाशी बसून देवराव तेच विचारतात.

"माह्यं जाऊ दे, म्या तर भेलो होतो. पण तुनं तुह्यं शील माह्यासाठी काहून मोडलं वं?"